ग्राइंडर, ड्रिल, कटर, कुट्टी मशीन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमळनेरला आमचं रिवायंडिंगचं, म्हणजे जळलेल्या मोटरची तार नव्याने गुंडाळायचं, आणि हातमशीन दुरुस्तीचं दुकान आहे. गिऱ्हाईक सगळं आजूबाजूचं, अमळनेर, पारोळा, धरणगाव, थोडं चोपड्याकडचं, त्यात फॅब्रिकेशनवाले, सुतार, फरशीवाले आणि आता सगळ्यात जास्त शेतकरी, कारण आता शेडमध्ये एक ग्राइंडर आणि एक ड्रिल प्रत्येकाकडे असतंच. अखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आधी आणि लग्नसराईत तर फोन थांबत नाही आणि प्रश्न तेच तेच असतात, म्हणून एकदा सगळं बसून लिहून काढलंय. यातले काही प्रश्न मशीन वाचवायचे आहेत आणि काही हात वाचवायचे, आणि दुसरे महत्त्वाचे आहेत म्हणून ते आधी घेतले.

ग्राइंडरचं गार्ड काढलं तर काय होतं? सगळेच काढतात की.

हो, सगळेच काढतात, माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या दहातल्या सात-आठ मशीनला गार्ड, म्हणजे चकतीवरचं पत्र्याचं अर्धं झाकण, नसतं आणि विचारलं तर म्हणतात "काही व्हत नही रे भो". आता हिशोब बघा. चार इंची ग्राइंडर साधारण ११,००० आरपीएमने (मिनिटाला तेवढे फेरे) फिरतं, म्हणजे त्या चकतीची कड ताशी दोनशे किलोमीटरच्या वर पळत असते. महामार्गावरच्या गाडीच्या दुप्पट. अशी चकती फुटली की तिचे तुकडे त्याच वेगाने सुटतात आणि ते कुठे जातील हे कोणाच्याही हातात नसतं. गार्ड फक्त एवढंच करतं की तो तुकडा तुमच्या बाजूला येऊ देत नाही. ठिणग्या अडवणं हे त्याचं दुय्यम काम आहे.

लोक गार्ड काढतात त्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं, कोपऱ्यात मशीन जात नाही किंवा पाच इंची चकती बसवायची असते. कोपऱ्यासाठी गार्ड फिरवता येतं, पट्टीचा स्क्रू ढिला करा, फिरवा, परत आवळा, अर्धा मिनिट लागतो. राहिली पाच इंची चकती. तिचं भोक २२ मिलिमीटरचं असतं आणि चार इंचीचं १६ चं, म्हणजे ती तुमच्या मशीनवर नीट बसतच नाही. लोक वॉशर घालून, पत्र्याची रिंग करून बसवतात आणि ती मध्यावर न बसल्यामुळे थरथरायला लागते. सात इंचीचा तर विषयच नाही, तिच्यावर साधारण ८,५०० आरपीएम लिहिलेलं असतं आणि तुमचं मशीन ११,००० ने फिरतं. असं मशीन माझ्याकडे आलं की मी आधी ती चकती काढून ठेवतो, मग बोलतो.

गार्ड हरवलं असेल तर नवीन मिळतं, फार महाग नसतं. दुरुस्तीचं मशीन परत देताना मी गार्ड बसवूनच देतो, कोणी नको म्हटलं तरी.

चकती घेताना काय बघायचं?

तीन गोष्टी. तिच्यावरचा आरपीएम तुमच्या मशीनपेक्षा जास्त पाहिजे, चार इंचीवर १५,२०० च्या आसपास लिहिलेलं असतं. दुसरं, मधल्या धातूच्या रिंगवर महिना आणि वर्ष छापलेलं असतं ती तिची मुदत. बरेच जण म्हणतात लोखंड कापायच्या वस्तूला कसली आलीये एक्सपायरी, पण ती चकती राळेने चिकटवलेली असते आणि राळ जुनी झाली, ओल धरली की कमजोर होते. तिसरं, पडलेली चकती वापरू नका. वरून दिसत नाही पण आत तडा गेलेला असू शकतो.

आणि कापायच्या पातळ चकतीने घासू नका! ती एक-दीड मिलिमीटरची असते, आडवा जोर सहन करायला ती बनवलेलीच नाही. घासायला सहा मिलिमीटरची जाड वेगळी येते. वेल्डिंगवाली पोरं चकती बदलायचा कंटाळा करतात आणि कापायच्याच चकतीने वेल्ड साफ करतात, फुटलेल्या चकत्यांचं हे फार मोठं कारण आहे.

नवीन चकती लावली की मशीन स्वतःपासून लांब धरून, कोणी समोर नाही हे बघून, एक मिनिट रिकामं फिरवा. ज्याला फुटायचंय ते बहुतेक तेव्हाच फुटतं.

बेंच ग्राइंडरच्या दगडाला मात्र आधी वाजवून बघायचं. माठ घेताना टिचकी मारून बघतो ना, तसंच, बोटात किंवा काठीवर लटकवून लाकडी मुठीने हलकं ठोका, खणखणीत आवाज आला तर चांगला, बद्द आला तर लावू नका. आणि विळा-कुऱ्हाडीला धार लावता ती टेकायची पट्टी दगडापासून तीन मिलिमीटरपेक्षा लांब ठेवू नका, नाहीतर पातं मध्ये ओढलं जातं.

चार इंची ग्राइंडरला लाकूड कापायचं दातेरी पातं लावलं तर?

नका लावू. दुकानात मिळतं म्हणून सुरक्षित असतं असं नाही. ग्राइंडर लाकडासाठी बनलेलं नाही, दाता लाकडात अडकला की मशीन झटक्यात मागे उसळतं, आणि हे पातं गार्डमध्ये बसत नाही म्हणून गार्डही काढलेलं असतं, आणि एका हाताने धरलेलं असतं. अशा जखमा मी पाहिल्या आहेत, मांडीवरच्या आणि मनगटावरच्या, आणि त्या सरळ कापलेल्या नसतात, फाटलेल्या असतात. बाभळीच्या फांद्या तोडायला विजेवर चालणारी चेन सॉ मिळते किंवा साधी करवत आहे. फळी कापायला सर्क्युलर सॉ घ्या, रोज लागत नसेल तर सुताराकडून कापून आणा.

हातमोजे घालून ड्रिल चालवायचं ना?

इथे लोक उलटं करतात. ड्रिल, बेंच ग्राइंडर, जिथे काही उघडं फिरतंय तिथे हातमोजे नकोत, सुती तर अजिबात नको. दोरा एकदा बिटात गुंडाळला गेला की बोट त्याच्या मागे जातं आणि बटन सोडेपर्यंत उशीर झालेला असतो. हातग्राइंडरला घट्ट बसणारे चामड्याचे मोजे चालतात.

तेच गळ्यातल्या बागायतदार रुमालाचं. उन्हाळ्यात आपल्याकडे रुमाल गळ्यात किंवा डोक्याला असतोच, काम सुरू करायच्या आधी तो काढून खुंटीला टांगा. शर्टाच्या बाह्या एक तर पूर्ण गुंडाळा किंवा बटन लावा. हातातलं कडं, अंगठी, दंडातला लोंबता दोरा काढा. बायका चारा कापायच्या कुट्टी मशीनवर किंवा मिरची-मसाल्याच्या चक्कीवर काम करतात त्यांनी पदर कमरेला घट्ट खोचायचा, ओढणी काढून ठेवायची, वेणी वर बांधायची. हे घरातल्या माणसाने बघून सांगायला पाहिजे, कामाच्या घाईत ज्याचं त्याला लक्षात राहत नाही.

आणि चकची, म्हणजे बिट धरणाऱ्या जबड्याची, चावी. बिट घट्ट केला की चावी लगेच काढा, चकला तशीच ठेवून बटन दाबलं तर ती गोळीसारखी सुटते. काही जण चावी दोऱ्याने वायरीला बांधतात, हरवू नये म्हणून. ती बटनाच्या बाजूला नाही, प्लगच्या बाजूला बांधा, म्हणजे बिट बदलायच्या आधी प्लग काढावाच लागतो. ही सवय मला आमच्या उस्तादांनी लावली, ते मिलमध्ये फिटर होते आणि चाळीस वर्षांच्या नोकरीत त्यांची दहाही बोटं शाबूत राहिली.

कुट्टी मशीनबद्दल काय काळजी घ्यायची?

यावर मी जरा जास्त बोलणार आहे. माझ्या सख्ख्या मामांची उजव्या हाताची दोन बोटं कुट्टीत गेली, संध्याकाळची वेळ, गुरं हंबरत होती, लाईट जायच्या आधी चारा कापून घ्यायचा होता. ज्वारीचा कडबा अडकला आणि त्यांनी मशीन बंद न करता हाताने पुढे ढकलला. एवढंच.

कुट्टी मशीनचे रूळ चारा आत ओढतात, ते हात आणि चारा ओळखत नाहीत. आणि बटन बंद केल्यावरही ते जड चाक बराच वेळ फिरत राहतं. म्हणजे अडकलं की बटन बंद, प्लग काढायचा, चाक पूर्ण थांबलेलं डोळ्याने बघायचं आणि मगच हात, तोही शक्यतो लाकडी दांडक्याने. काही मशीनला उलटं फिरवायचा दांडा असतो, विकत घेताना तोच बघून घ्या. चारा टाकायचं तोंड तुमच्या कोपरापासून बोटांपर्यंतच्या लांबीपेक्षा लांब पाहिजे म्हणजे हात रुळापर्यंत पोहोचणारच नाही, आणि वरून पत्र्याने झाकलेलं पाहिजे. आखूड तोंडाचं मशीन असेल तर गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून पत्रा जोडून लांब करून घ्या, एका दिवसाचं काम आहे.

पट्ट्यावर जाळी पाहिजे. बटन उभं राहिल्या जागेवरून हाताला आलं पाहिजे, भिंतीवर पलीकडे नको. अंधारात चालवू नका. लहान पोरांना चारा द्यायला उभं करू नका, मोठा माणूस बाजूला असला तरी. दारू पिऊन तर जवळही जायचं नाही, हे लिहायला वाईट वाटतं पण अशा केस झालेल्या आहेत.

थ्री फेजवर असेल तर अजून एक. आपल्याकडे डीपीवरून एखादा फेज जाणं नवीन नाही. एक फेज गेला की मोटर घूं घूं करत उभी राहते किंवा जोर लावत फिरते आणि थोड्या वेळात जळते. सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवून घ्या, एक फेज गेला की तो मोटर बंद पाडतो, रिवायंडिंगच्या एका बिलापेक्षा स्वस्त पडतो. मी रिवायंडिंगवर पोट भरतो तरी हेच सांगतो.

माझ्या ड्रिलला दोनच पिना आहेत, अर्थिंगची नाही. खराब माल आहे का?

मशीनच्या नावाच्या पट्टीवर बघा, एका चौकोनात दुसरा छोटा चौकोन काढलेला असेल तर ते डबल इन्सुलेशनवालं आहे, त्याला अर्थिंग लागत नाही, दोनच पिना बरोबर आहेत. ज्याला तीन पिना दिल्यात त्याला मात्र तिसरी पिन पाहिजेच. ती लांब का असते माहितीये? प्लग घालताना ती सगळ्यात आधी लागावी आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटावी म्हणून. लोक सॉकेट जुनं आहे म्हणून तीच पिन कापून टाकतात. असं केलं आणि आतून फेज बॉडीला लागला तर ते मशीन चालू दिसतं, आवाज नेहमीसारखा येतो, आणि धरणाऱ्याला करंट लागतो.

डबल इन्सुलेशनवाल्याची पण बॉडी तडकलेली असेल, आत पाणी गेलं असेल तर ते डबल राहिलं नाही.

प्लग तुटलाय, वायरी सोलून सॉकेटात काडी खोसून चालवतो, चालतं ना?

चालतं म्हणून तर सगळे करतात, पण नका करू. वायर ओढली गेली की एक तार बाहेर येते आणि ती फेजची असेल तर जमिनीवर उघडा फेज पडलेला असतो, त्यावरून पोरं, कोंबड्या, गुरं फिरत असतात. आयएसआयचा प्लग घ्या, हिरवी वायर लांब पिनेला लावा, आत स्क्रू नीट आवळा आणि वायर धरणारी पट्टी पण आवळा, ती मोकळी सोडू नका, तिच्यावरच सगळा ओढ येतो.

तारेवर आकडा टाकून मशीन चालवायचं, मांडवाच्या कामाला हे फार होतं, त्याबद्दल एवढंच की ती वीजचोरी आहे, वीज कायदा २००३ च्या कलम १३५ खाली गुन्हा आहे, आणि त्या आकड्याच्या मागे फ्यूज नाही, एमसीबी नाही, काहीच नाही, तुम्ही आणि डीपी, मध्ये कोणी नाही. मांडव घालणाऱ्या मंडळाने तात्पुरतं कनेक्शन घ्यावं.

घरात एमसीबी बसवलाय, मग आरसीसीबी कशाला?

हा प्रश्न इलेक्ट्रिशियन लोक पण विचारतात. एमसीबी वायर वाचवतो, आरसीसीबी माणूस वाचवतो. १६ अँपिअरचा एमसीबी १६ च्या वर करंट गेला तरच पडणार, आणि माणसाचा जीव जायला अँपिअरचा छोटासा भागसुद्धा पुरतो, शंभर मिलीअँपिअरच्या आसपास. म्हणजे तुम्ही तारेला चिकटलेले आहात आणि एमसीबीच्या दृष्टीने सगळं नीट चाललंय. आरसीसीबी जाणारा आणि परत येणारा करंट सतत मोजत असतो, ३० मिलीअँपिअरचा फरक पडला, म्हणजे तेवढा करंट कोणाच्या तरी अंगातून किंवा ओलीतून जमिनीत चाललाय, की तो लगेच पडतो. ३० मिलीअँपिअरचाच घ्या, १०० किंवा ३०० चा येतो तो माणसासाठी नसतो. त्यावर टेस्टचं बटन असतं, महिन्यातून एकदा दाबायचं, पडला तर ठीक, नाही पडला तर बदला. पण फेज एका हातात आणि न्यूट्रल दुसऱ्या हातात धरला तर तोही वाचवू शकत नाही, हे पण डोक्यात ठेवा.

"सारखा पडतो म्हणून काढून टाकला" असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. सारखा पडतो म्हणजे कुठेतरी गळती आहे आणि तो तेच सांगतोय. एक एक मशीन काढून बघा, गळकं सापडेल.

अर्थिंग करून दहा वर्षं झाली, परत करायची गरज आहे का?

करायची की नाही हे तपासल्याशिवाय कळत नाही, पण आपल्या भागात एक अडचण आहे. काळी जमीन. पावसाळ्यात ती ओली आणि चिकट असते तेव्हा अर्थिंग छान लागतं, आणि एप्रिल-मेमध्ये त्याच जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, माती पाइपपासून सुटते आणि अर्थिंग नावाला राहतं. म्हणून खड्ड्यात कोळसा आणि मीठ घालतात आणि वर पाणी टाकायला नरसाळं ठेवतात. ते नरसाळं शोभेचं नाही! उन्हाळ्यात दोन-चार दिवसांनी बादलीभर पाणी टाका. माझ्या ओळखीत एका आजी रोज तुळशीला पाणी घालून उरलेलं अर्थिंगच्या खड्ड्यात ओततात, नातवाने सांगितलंय म्हणून, मला ते फार आवडलं.

शेतात काम आहे, लाईट विहिरीजवळ आहे, शंभर-दीडशे फूट बोर्ड ओढायचाय. वायर कोणती घेऊ?

घरातला पांढरा बारीक वायरीचा बोर्ड नाही. हिशोब सांगतो. ५० मीटर लांब वायर म्हणजे करंटला जाऊन येऊन १०० मीटर पडतात. पाऊण एमएमची वायर असेल आणि मशीन १० अँपिअर ओढत असेल तर साधारण २५ व्होल्ट वायरीतच खर्च होतात. दीड एमएममध्ये १२-१३ आणि अडीच एमएममध्ये ७-८. आता शेतात मुळात व्होल्टेज २०० च्या आसपास येतं, त्यातून २५ वजा केले तर मशीनला काय राहिलं? म्हणून एवढ्या लांबीला अडीच एमएमची, तांब्याची, तीन तारांची केबल. महाग वाटेल पण एकदाच घ्यायचीय.

आणि गुंडाळीवर गुंडाळलेली केबल पूर्ण उलगडा, काम दहा फुटांवर असलं तरी. गुंडाळलेल्या वायरीची उष्णता बाहेर जात नाही, आतले पदर वितळून एकमेकांना चिकटतात. मे महिन्यात आपल्याकडे बाहेरच ४४-४५ डिग्री असते, तिथे अजून कशाला तापवायची.

जोड शक्यतो नको, असलाच तर पाण्याच्या चारीत किंवा केळीच्या ओलीत नको. चिकटपट्टी गुंडाळलेला जोड कोरड्यात ठीक, ओलीत तो जोड उघडाच समजा. आणि ट्रॅक्टरच्या रस्त्यावरून वायर न्यायची तर वर उचलून न्या.

व्होल्टेज कमी असताना मशीन चालवलं तर जळतं का?

दोन प्रकार आहेत. ड्रिल, ग्राइंडर, कटर यांच्यात कार्बनवाली मोटर असते (कार्बन म्हणजे फिरत्या भागाला करंट पोचवणारे दोन छोटे तुकडे), व्होल्टेज कमी झालं की ती हळू फिरते, आतला पंखा पण हळू फिरतो, आणि आपण काम होत नाही म्हणून जास्त दाबतो. दाबण्याने जळते ती, नुसत्या कमी व्होल्टेजने सहसा नाही. कुट्टी, पंप, कंप्रेसरची मोटर वेगळी, ती तेवढंच काम ओढायला जास्त करंट घेते आणि आतून तापत जाते. २३० च्या दहा टक्के खाली म्हणजे २०७, त्याच्या खाली मी तरी या मोटरी चालवायला सांगत नाही. अडीच-तीनशे रुपयांचा व्होल्टमीटर बोर्डावर लावून घ्या, अंदाजाने काम करू नका.

लाईट गेली की मशीनचं बटन बंद करून, बटन दाबून धरणारं लॉक काढून ठेवा. हे फार वेळा विसरतं. लॉक तसंच राहतं, आपण चहा प्यायला जातो आणि लाईट आली की ग्राइंडर ओट्यावरून एकटंच उड्या मारत सुटतं.

मशीनमधून ठिणग्या दिसतात, कार्बन बदलायचे का?

थोड्या निळसर बारीक ठिणग्या चालतात. लांब, पिवळ्या, गोल फिरणारा जाळ दिसत असेल तर थांबवा. आधी कार्बन काढून बघा, बाहेरच्या टोपणाचे असतील तर स्क्रू ड्रायव्हरने निघतात, प्लग काढून. पाच-सहा मिलिमीटर राहिले असतील तर बदला, आणि दोन्ही बदला, एक जुना एक नवा ठेवू नका. मापाचेच घ्या, मोठे घासून बारीक करून बसवलेले अडकतात आणि मग आर्मेचरचं (मोटरच्या आतल्या फिरत्या भागाचं) तांबं खातात. बसवल्यावर पाच-दहा मिनिटं रिकामं चालवा म्हणजे ते गोलाईला बसतात.

काही कार्बनमध्ये स्प्रिंगची पिन असते, कार्बन संपला की ती मशीन बंदच पाडते. लोक घाबरून येतात की मशीन मेलं, आणि निघतो तो कार्बन.

नवीन कार्बन टाकूनही जाळ असेल तर आर्मेचर गेलंय किंवा बेअरिंग ढिली आहे, तेव्हा मात्र घेऊन या, चालवत राहिलात तर फिल्ड, म्हणजे भोवतीची न फिरणारी गुंडाळी, पण जाईल. जळका वास एकदा आला की तो कधीच "आपोआप" जात नाही.

साफसफाई आणि ग्रीस किती दिवसांनी?

रोज वापरणाऱ्याने रोज, दोन मिनिटं ब्लोअर मारायचा, मशीन चालू ठेवून हवेच्या जाळीतून, डोळ्याला चष्मा लावून. लोखंडाचा कीस आत बसला की तो वाइंडिंगचं वार्निश खरवडतो आणि करंट बॉडीला येतो. कापसाच्या दिवसांत जिनिंगजवळची मशीन येतात त्यांच्या जाळीत रुईचं बूच बसलेलं असतं, मोटर श्वासच घेऊ शकत नाही. पाण्याने, रॉकेलने, पेट्रोलने धुवू नका.

गिअरचं ग्रीस वर्षातून एकदा, रोजचं काम असेल तर सहा महिन्यांनी, जुनं पुसून मगच नवीन, आणि डबा भरून कोंबू नका, जास्त झालेलं ग्रीस तापून आर्मेचरकडे येतं.

वायर मशीनच्या बुडाशी जिथे आत जाते तिथे वाकवून बघत जा. पहिली तुटते ती तिथेच. आणि मशीन वायरीला धरून उचलू नका, शिडीवरून वायरीने खाली सोडू नका.

बॅटरीचं ड्रिल उन्हाळ्यात चार्जच होत नाही?

बॅटरी तापलेली असेल. लिथियम बॅटरी ४५ डिग्रीच्या वर चार्ज करायची नसते आणि चांगला चार्जर तेव्हा स्वतःच थांबतो. आपल्याकडे दुपारी गाडीच्या डिकीत किंवा पत्र्याच्या शेडमध्ये ती त्याच्याही वर जाते. सावलीत आणा, तासभर ठेवा, मग लावा, फ्रिजमध्ये ठेवू नका. बरेच दिवस वापरणार नसाल तर अर्धी चार्ज ठेवा. फुगलेली, पडून तडकलेली बॅटरी चार्जिंगला लावू नका आणि रात्री झोपताना लाकडी कपाटात चार्जिंग नको.

फरशी-ग्रॅनाइट कापताना मास्क लागतो का? रुमाल बांधतो मी.

रुमालाने फक्त दिसणारी धूळ अडते. फुप्फुसात बसते ती सिलिकाची बारीक धूळ, ती दिसतही नाही, आणि तिने जो सिलिकोसिस होतो त्यावर बरं करणारं औषध नाही. एन ९५ मास्क घाला, नाकाशी घट्ट बसवा. पाणी टाकून कापलं तर धूळ खूप कमी होते, पण विजेचं मशीन आणि पाणी एकत्र म्हणजे आरसीसीबी असलाच पाहिजे आणि पाणी पात्यावर पडलं पाहिजे, मोटरवर नाही. पोरं एकाच खोलीत दार लावून कापतात, दार-खिडक्या उघडा.

डोळ्याला गॉगल, बाजूने बंद असलेला. नंबरचा चष्मा म्हणजे गॉगल नाही. कानात बोंडं घाला, ग्राइंडरचा आवाज ९० डेसिबलच्या वर जातो आणि ८५ च्या वर रोज तासन्‌तास राहिलं तर कान कायमचे जातात. आमच्या उस्तादांची बोटं वाचली पण कान नाही वाचले, म्हातारपणी नातवाचं बोलणं त्यांना ऐकू येत नव्हतं. तेव्हा कोणी सांगणारं नव्हतं.

कोणाला करंट लागला तर पहिलं काय करायचं?

त्याला हात लावू नका. मेन बंद करा, प्लग ओढा. जमत नसेल तर कोरड्या जागेवर उभं राहून कोरड्या लाकडी दांडक्याने वायर बाजूला करा. तुटून पडलेली वरची मोठी लाईन असेल तर दांडक्यानेही नाही, लांब राहा आणि १९१२ ला फोन करा. मग १०८. श्वास नसेल, हाक मारून हलत नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही तळहात ठेवून जोरात दाबायचं, पाच सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२०, गाडी येईपर्यंत थांबायचं नाही. कांदा हुंगवणं, मातीत पुरणं, पाणी पाजणं यात वेळ जातो, आणि तोच वेळ त्याच्या जगण्याचा असतो. शुद्धीवर आला, बोलायला लागला तरी दवाखान्यात न्या, हृदयाचे ठोके नंतरही बिघडू शकतात.

बोट तुटलं तर ते जोडता येतं का?

वेळेत नेलं तर कधी कधी येतं. जखमेवर स्वच्छ कापड दाबून हात वर धरा. तुटलेला भाग हळद-चहापत्ती न लावता, स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा, आणि ती पिशवी बर्फ-पाण्यात ठेवा. थेट बर्फावर ठेवलं तर ते मांस मरतं आणि मग जोडणाऱ्या डॉक्टरच्या हातात काही उरत नाही. आधी फोन करून विचारा की जोडायची सोय कुठे आहे, म्हणजे एका दवाखान्यातून दुसरीकडे हिंडण्यात तास जाणार नाहीत. मामांच्या वेळी आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं, बोटं चाऱ्यातच राहिली, दुसऱ्या दिवशी सापडली.

डोळ्यात लोखंडाचा कण गेला असेल तर चोळू नका, रुमालाच्या टोकाने काढू नका, चुंबक लावू नका, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.

दुरुस्तीला आणताना काय सांगायचं?

"बंद पडलं" एवढं सांगू नका. चालता चालता बंद पडलं की सकाळी लावलं तेव्हा चाललंच नाही, वास आला का, करंट मारत होतं का, पडलं होतं का, पाणी गेलं होतं का. करंट मारत असेल तर मशीनवर पट्टी चिकटवून तसं लिहून आणा, कारण दुकानात पोरगं पहिलं काम करतं ते प्लग लावून बटन दाबायचं. आणि गार्ड, बाजूची मूठ, चावी, जे काही सोबत मिळालं होतं ते सगळं घेऊन या.